नऊ कप्प्यांचं पिचिंग नेट: पुल हिटरला रोखण्यासाठी कितपत कामाचं?

सात बाय सात फुटांची घडीची चौकट, मधोमध नऊ कप्प्यांचा स्ट्राइक झोन (ज्या चौकटीतून गेलेला बॉल स्ट्राइक ठरतो ती) आणि कप्प्यांच्या मागे बॉल साठणारी जाळीची पिशवी. अशी नेट्स वेगवेगळ्या नावांनी विकली जातात, रचना जवळपास सारखीच असते. सॉफ्टबॉलमध्ये प्रत्येक संघाला छळणारा एक प्रश्न म्हणजे पुल हिटर. उजव्या हाताचा असेल तर आलेला प्रत्येक बॉल थर्ड बेस आणि लेफ्ट फील्डकडे ओढून मारणारा. त्याला रोखण्याच्या तयारीत हे नेट किती उपयोगी पडतं, एवढ्यापुरतंच हे परीक्षण आहे. निकाल आधीच सांगतो. नेट घेण्यासारखं आहे, पण जसं येतं तसंच उभं केलं तर ते पिचरला नेमकी उलटी सवय लावतं. आणि मागे फील्डर उभे न करता वापरलं तर अर्धं काम होतच नाही.

आधी बांधणी. फायबरच्या कांड्या एकमेकींत बसवायच्या, जाळीच्या कडेच्या बाहीतून ओवायच्या आणि लोखंडी पायांत खोचायच्या. दोघं असतील तर पाच-सात मिनिटांत काम होतं. एकट्याने करायला गेलं तर दुसरी कांडी वाकवताना पहिली निसटते, म्हणून आधी खालची दोन्ही टोकं पक्की करावीत आणि मगच वरचा कोपरा ओढावा. सोबत येणाऱ्या बारीक खुंट्या हिरवळीसाठी असतात. आपल्याकडच्या मुरुमाच्या मैदानात त्या वाकतात. पायांवर वाळूच्या दोन पिशव्या टाकणं हाच खात्रीचा उपाय, नाहीतर संध्याकाळच्या वाऱ्यात अख्खं नेट तोंडावर आडवं होतं. स्ट्राइक झोनचा पडदा जाळीला वेल्क्रोने चिकटतो. त्या वेल्क्रोत लाल धूळ बसली की महिन्याभरात पकड सुटते आणि जोराचा बॉल लागला की एक कोपरा लोंबायला लागतो. जुना टूथब्रश सामानात ठेवावा आणि सराव संपल्यावर वेल्क्रो घासून काढावा. शिवण मात्र टिकाऊ असते. पहिल्यांदा फाटते ती कप्प्यामागची पिशवी, तीही तळाच्या शिवणीला, कारण पंधरा-वीस बॉल साठले तरी कुणी ते काढत नाही.

खरी अडचण मापात आहे. होम प्लेटची रुंदी १७ इंच, म्हणजे ४३.२ सेंटीमीटर. झोन तेवढाच रुंद धरला तर एका कप्प्याच्या वाट्याला साधारण १४.४ सेंटीमीटर येतात. त्यातून कडेची पट्टी वजा करा. १२ इंच घेराच्या सॉफ्टबॉलचा व्यास ९.७ सेंटीमीटर असतो, त्यामुळे बॉलच्या दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन सेंटीमीटर मोकळे राहतात. बेसबॉल आकाराने लहान. त्याच्यासाठी हे कप्पे प्रशस्त आहेत आणि बहुतेक नेट्स त्याच अंदाजाने बेतलेली असतात. सॉफ्टबॉल कप्प्याच्या पट्टीवर आदळून परत येतो आणि पिचरला वाटतं की पिच, म्हणजे टाकलेला बॉल, चुकली.

आता नियमाकडे बघा. बॉलचा कुठलाही भाग प्लेटच्या कडेवरून गेला तरी तो स्ट्राइक. म्हणजे डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत बॉलला खरी जागा मिळते ती ४३.२ अधिक दोन्हीकडचे ९.७, एकूण सुमारे ६२.६ सेंटीमीटर. पुल हिटरविरुद्ध सगळ्यात मोलाची पिच म्हणजे बाहेरच्या कडेला फक्त घासून जाणारी. नेमकी तीच पिच हे नेट बाद ठरवतं आणि मधल्या उभ्या रांगेत सहज जाणाऱ्या बॉलला शाबासकी देतं. महिनाभर असाच सराव झाला की पिचरचा हात आपोआप आत-आत येऊ लागतो. पुल हिटरला ते हवंच असतं.

उपाय सोपा आहे. बाहेरच्या उभ्या रांगेच्या कडेपासून पाच सेंटीमीटर बाहेर जाळीवर एक उभी रंगीत फीत बांधावी आणि त्या फितीला लागलेला बॉल बरोबर धरावा. मधल्या उभ्या रांगेतले तिन्ही कप्पे जाड पुठ्ठा लावून बंद करावेत. ही दोन कामं केली की नेटचा स्वभावच बदलतो. आणखी एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. पिचरच्या जागेवरून बघताना उजव्या बॅटरची बाहेरची बाजू डाव्या हाताला येते आणि आतली बाजू उजव्या हाताला. नवख्या पिचरचा इथे हमखास गोंधळ होतो. डाव्या रांगेला फीत बांधून ठेवली की प्रश्न मिटतो. डावखुऱ्या बॅटरसाठी फीत दुसऱ्या बाजूला न्यायची.

उंचीही तपासा. नेटवरचा झोन एका ठरावीक उंचीवर शिवलेला असतो, पण बॅटरचा झोन त्याच्या अंगावरून ठरतो. १४ वर्षांखालच्या मुलींसाठी सराव असेल तर पडदा खाली सरकवून सगळ्यात खालची रांग गुडघ्यांशी जुळवावी. वेल्क्रोमुळे हे जमतं, आणि ही सोय आम्हाला फार आवडली.

अंतराची चूक तर सर्रास होते. महिलांसाठी पिचिंगचं अंतर ४३ फूट, पुरुषांसाठी ४६ फूट. हे मोजतात पिचर्स प्लेटच्या पुढच्या कडेपासून होम प्लेटच्या मागच्या टोकापर्यंत. आपल्याला बॉल तपासायचा असतो प्लेटच्या पुढच्या कडेला, म्हणून नेटचा पडदा ४३ फुटांवर नाही तर ४१ फूट ७ इंचांवर यायला हवा. काही जण तो कॅचरच्या जागी उभा करतात. तिथे ड्रॉप बॉल (प्लेटजवळ येऊन खाली पडणारा) आणखी खाली गेलेला असतो. मग खालच्या कप्प्यात बसवण्याच्या नादात पिचर तो वर टाकायला शिकतो, आणि सामन्यात तोच बॉल मांडीच्या उंचीवर येऊन लेफ्ट फील्डच्या कुंपणाकडे जातो.

कुठल्या कप्प्यात काय टाकायचं हे समजण्यासाठी पुल हिटर करतो काय ते पाहावं लागतं. तो बॉलला प्लेटच्या पुढे, लवकर गाठतो. पुढचा खांदा लवकर उघडतो, बॅटचं टोक गोल फिरून येतं. आतला कमरेइतका बॉल त्याच्या मनासारखा असतो. बाहेरचा खालचा बॉल मात्र तो ओढायला जातो तेव्हा वरचं मनगट बॉलवरून उलटतं, बॅट बॉलच्या वरच्या अर्ध्या भागाला लागते आणि शॉर्टस्टॉपकडे (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फील्डर) टप्पे खात जाणारा ग्राउंडर मिळतो. म्हणून उजव्या बॅटरसाठी पिचरच्या डावीकडचा सगळ्यात खालचा कप्पा हे मुख्य लक्ष्य, आणि तिथे ड्रॉप बॉल सगळ्यात चांगला. आतली बाजू पूर्ण सोडूनही चालत नाही, नाहीतर बॅटर प्लेटवर वाकून बाहेरचा बॉल सरळ मारायला लागतो. तिथे वेगवान बॉल हातांच्या उंचीवर आणि झोनच्या थोडा बाहेर टाकायचा. त्यातून स्ट्राइक मिळवायचा नसतो, बॅटरला अर्धं पाऊल मागे ढकलायचं असतं. नेटमध्ये यासाठी कप्पाच नाही. वरच्या उजव्या कोपऱ्याच्या बाहेर दुसरी फीत बांधावी लागते.

बॅटर खरोखर पुल हिटर आहे का हे त्याच्या फाउलवरून, म्हणजे हद्दीबाहेर गेलेल्या फटक्यांवरून कळतं. थर्ड बेसच्या बाहेर सणसणीत गेलेला फाउल म्हणजे तो लवकर आहे. सरळ मागच्या जाळीवर गेलेला फाउल म्हणजे त्याची वेळ अचूक जुळली आहे, बॅट फक्त थोडी खाली लागली. आणि उजवा बॅटर फर्स्ट बेसच्या बाहेर फाउल मारत असेल तर तो उशिरा आहे. त्याला चेंजअप, म्हणजे मुद्दाम वेग उतरवलेला बॉल, टाकणं म्हणजे त्याचीच अडचण दूर करणं. डगआउटमध्ये कुणीतरी प्रत्येक फाउलची दिशा वहीत टिपत राहावं. सरावाच्या वेळचा स्विंग बघून फील्डर हलवणारे कोच आहेत. तसं करू नये.

चेंजअपच्या बाबतीत हे नेट आंधळं आहे. बॉल कप्प्यात गेला एवढंच ते सांगतं, किती वेळात गेला ते नाही. पुल हिटर आधीच लवकर असतो, त्यामुळे वेग उतरवलेला बॉल बाहेर खाली पडला तर त्याची बॅट बॉल येण्याआधीच फिरून जाते. पण वेगातला फरक पुरेसा हवा. ताशी ८० किलोमीटरचा बॉल पिचरच्या हातातून सुटल्यावर साधारण ११.३ मीटर कापायला ०.५१ सेकंद घेतो, ६० किलोमीटरचा ०.६८ सेकंद. मोबाइलवर ३० फ्रेमचा साधा व्हिडिओ बाजूने काढला तरी पहिल्याला १५ आणि दुसऱ्याला २० फ्रेम लागलेल्या दिसतात. फरक तीन फ्रेमपेक्षा कमी निघाला तर ती पिच सामन्यात वापरू नये. याच व्हिडिओत हाताचा वेगही बघा. चेंजअप टाकताना हात मंदावत असेल तर बॅटरला आधीच सुगावा लागतो. आणि चेंजअप आतल्या रांगेत कधीच नको. लवकर आलेला पुल हिटर तोच बॉल थर्ड बेसवरच्या खेळाडूच्या अंगावर घालतो.

इथून पुढे मागच्या फील्डिंगशिवाय बोलता येत नाही. पिचरने बाहेर टाकायचं ठरवलं आणि फील्डर आतल्या बॉलसाठी उभे राहिले, किंवा उलट झालं, तर दोन्ही मेहनती वाया जातात. सॉफ्टबॉलमध्ये पिचर आणि कॅचर सोडून बाकीच्यांना फेअर हद्दीत कुठेही उभं राहता येतं, फक्त बॅटरच्या नजरेसमोर मुद्दाम आडवं यायचं नाही. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने २०२३ पासून सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर ठेवण्याची सक्ती केली. ती मर्यादा इथे नाही. पण ६० फुटांच्या बेसवर अख्खं इनफिल्ड एका बाजूला ओढणं परवडतही नाही.

उजव्या पुल हिटरसाठी थर्ड बेसवाल्याने फाउल लाइनपासून इतकंच दूर राहावं की एक पाऊल टाकून हात लांबवला की ग्लव्ह लाइनवर पोचेल. खोलीचा प्रश्न जास्त नाजूक आहे. ताशी १०० किलोमीटरने सुटलेला लाइन ड्राइव्ह, म्हणजे टप्पा न खाता येणारा सरळ फटका, १२ मीटरवर ०.४३ सेकंदात येतो, बेसच्या रेषेत म्हणजे १८.२९ मीटरवर ०.६६ सेकंदात. बंटच्या (बॅट न फिरवता बॉल हलकेच पुढे टाकण्याच्या) भीतीने पुढे उभं राहिलं तर हा पाव सेकंद हातातून जातो. म्हणून बॅटर बंट करणारा नसेल तर बेसच्या रेषेत किंवा एक पाऊल मागे. दोन स्ट्राइक झाल्यावर तर निर्धास्त मागे जावं, कारण त्यानंतरचा फाउल बंट म्हणजे बॅटर बाद. मुरुमाच्या कोरड्या मैदानात ग्राउंडर हिरवळीपेक्षा वेगाने येतो आणि शेवटचा टप्पा उंच उडतो. तिथे मागे राहण्याचा आणि चेहऱ्यावर फील्डिंग मास्क लावण्याचा आग्रह धरायलाच हवा.

टोकियो ऑलिंपिकचा महिला सॉफ्टबॉलचा अंतिम सामना २७ जुलै २०२१ रोजी योकोहामात झाला. सहाव्या इनिंगमध्ये अमेरिकेच्या बॅटरचा जोरदार फटका जपानच्या थर्ड बेसवरच्या यू यामामोतो यांच्या हातावर आदळून उडाला. शॉर्टस्टॉप माना अत्सुमी यांनी तो जमिनीला लागण्याआधी झेलला आणि लगेच सेकंड बेसवर फेकून डबल प्ले पुरा केला. जपानने सामना २-० असा जिंकला. यात नशीब होतं, हे खरंच. पण थर्ड बेसवाली फटक्याच्या रेषेत होती आणि शॉर्टस्टॉप उडालेला बॉल गाठण्याइतकी जवळ होती, हा भाग नशिबाचा नाही.

शॉर्टस्टॉपने थर्ड बेसकडच्या मोकळ्या पट्ट्यात दोन ते तीन पावलं सरकावं. हात दणकट असेल तरच एक पाऊल मागे. तिथून फर्स्ट बेस साधारण २५ मीटरवर पडतो आणि थ्रोला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतं. बॅटर सव्वातीन सेकंदांत बेसवर पोचणारा असेल तर उचलण्यात घोळ घालायला वेळ उरत नाही. सेकंड बेसवाला बेसकडे दोन-तीन पावलं, फर्स्ट बेसवाला लाइन सोडून दोन पावलं आत. इथे हमखास दोन गोष्टी फसतात. बंट झाला की फर्स्ट बेसवाला पुढे धावतो आणि फर्स्ट बेस सांभाळायला सेकंड बेसवाल्याला जावं लागतं. तो आधीच मधोमध सरकलेला असेल तर वेळेवर पोचत नाही. फर्स्टवर धावपटू असताना म्हणूनच त्याने एकच पाऊल सरकावं. दुसरं, फर्स्टवरचा धावपटू सेकंड बेस चोरायला धावला तर तिथे कोण जाणार? एरवी शॉर्टस्टॉप जातो. पण तो तीन पावलं दूर असेल तर त्या बॅटरपुरता सेकंड बेसवाला जाईल, हे पिच पडायच्या आधी बोलून ठरलेलं असलं पाहिजे. बोलणं झालं नाही की कॅचरचा थ्रो मोकळ्या बेसवरून थेट सेंटर फील्डला जातो.

आउटफिल्डचं गणित वेगळं आहे आणि इथे बरेच कोच चुकतात. ग्राउंडर ओढले जातात, पण बाहेरच्या बॉलवर वर उडालेले फटके पुष्कळदा उलट्या बाजूला पडतात. आपण बाहेर टाकणार असू तर तिन्ही आउटफिल्डर लेफ्टकडे ढकलणं चूकच. लेफ्ट फील्डरला लाइनकडे चार पावलं आणि थोडं मागे, सेंटरला लेफ्टकडे दोन पावलं, आणि राइट फील्डरला आडवं न हलवता पुढे घ्यावं. बॅटच्या टोकाला लागून फर्स्ट बेसच्या मागे पडणारा मेलेला फटका तोच पकडतो. जवळ उभा राइट फील्डर सरळ उजवीकडे आलेला ग्राउंडर उचलून फर्स्ट बेसवर आउटही करू शकतो.

चेंजअप येणार आहे हे कोपऱ्यातल्या दोघांना, म्हणजे फर्स्ट आणि थर्ड बेसवाल्यांना, कळायलाच हवं. शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेसवाल्याला कॅचरची खूण दिसते. त्यांनी पाठीमागे हात नेऊन ती पुढे द्यावी: उघडा पंजा म्हणजे चेंजअप, बंद मूठ म्हणजे वेगवान बॉल. पण पाय हलवायचे ते पिचरचा हात फिरायला लागल्यावर. आधी हललं की हुशार बॅटर थर्ड बेसवाल्याच्या पावलांवरून पिच ओळखतो.

नेट आणि फील्डिंग एकत्र आणण्याचा सराव असा घ्यावा. नेट प्लेटच्या पुढच्या कडेला, वाळूच्या पिशव्या पायांवर, सगळे फील्डर पुल हिटरच्या जागांवर. हेल्मेट घातलेला एक खेळाडू बॅट घेऊन बॅटरच्या जागी उभा, स्विंग न करता. त्याच्याशिवाय नेटवर कितीही अचूक पिच पडल्या तरी सामन्यात अंगाजवळ माणूस दिसला की हात बिचकतो. कोच बाजूला, लाइनच्या बाहेर, फंगो बॅट (सरावात फील्डरना फटके देण्याची हलकी बॅट) घेऊन. पिचर टाकतो आणि बॉल जिथे गेला त्याप्रमाणे कोच लगेच दुसरा बॉल मारतो. बाहेरच्या खालच्या फितीला लागला तर शॉर्टस्टॉपच्या बाजूला ग्राउंडर. आतल्या रांगेत कमरेला गेला तर थर्ड बेसच्या लाइनवर जोरदार. बाहेर पण उंच राहिला तर राइट फील्डमध्ये उंच. मधल्या पुठ्ठ्यावर आदळला तर लेफ्ट फील्डरच्या डोक्यावरून. आठ-आठ पिचचे पाच संच पुरे: पहिला फक्त बाहेरचा ड्रॉप, दुसरा बाहेरचा चेंजअप, तिसरा आतला हातांच्या उंचीचा, शेवटचे दोन कॅचरच्या खुणेप्रमाणे मिसळून. पहिल्या संचात आठपैकी पाच फितीवर किंवा बाहेरच्या खालच्या कप्प्यात जात नसतील तर सामन्यात फील्डर फार सरकवू नयेत. पिचर जे नेमाने टाकू शकतो, त्यावरच शिफ्ट, म्हणजे फील्डरचं सरकणं, अवलंबून ठेवावी.

डावखुऱ्या पुल हिटरसाठी सगळं उलटं करायचं, एवढी एक गोष्ट सोडून: तो स्लॅपर (फर्स्ट बेसकडे धावत-धावतच बॉलला टोला देणारा) नाही ना, हे पायांवरून आधी ओळखा. पिच सुटताना मागचा पाय पुढे ओलांडून येत असेल तर फर्स्ट आणि थर्ड दोघांनीही मागे जाऊ नये.

पैसे मोजायचे का? ज्या संघाकडे रोज पिचिंग घेणारा कॅचर आहे, त्यांना घाई नाही. दोन बांबू, त्यांना १७ इंचांवर बांधलेल्या दोन उभ्या आणि दोन आडव्या सुतळ्या, आणि मागे जुनी जाळी एवढ्यावर काम भागतं. बेसबॉलमध्ये अमेरिकेच्या डॉजर्स संघाचे सूत्रधार ब्रँच रिकी यांनी संघाच्या शिबिरात अशाच दोऱ्यांवर पिचर घडवले. दोन-तीन पिचर एकाच वेळी तयार करायचे असतील आणि कॅचर एकच असेल, तर मात्र नेट हवंच. कॅचरचे गुडघे वाचतात, आणि बॉल आणायला धावण्यात जाणारा वेळही. आमच्याकडून पाचपैकी साडेतीन. माप सॉफ्टबॉलचं असतं तर साडेचार दिले असते.

दुकानात जाताना १२ इंची बॉल आणि मोजपट्टी सोबत न्या. बॉल कोपऱ्यातल्या कप्प्यातून हाताने आत ढकलून पाहा. पट्टीला घासत आत जात असेल तर ते नेट बेसबॉलचं आहे. कडेची रांग १५ सेंटीमीटरपेक्षा अरुंद असेल तर सोडून द्या. पडदा निदान वीतभर खाली सरकतो का ते बघा, पिशवीच्या तळाला दुहेरी शिवण आहे का ते बघा, आणि फायबरची एखादी जादा कांडी मिळते का हे पैसे देण्याआधी विचारा. नेम चुकलेला बॉल चौकटीवर बसला की तुटते ती कांडीच, आणि एका कांडीपायी अख्खं नेट महिनाभर कपाटात पडून राहतं.